ओसरीवरून : नवें पात्र अंगीं मुरतांना

गेल्या फाल्गुनांतली गोष्ट. सकाळचा चहा चालला असतां वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, धाकटीला जरा विचारा हो. रात्रीं जेवली नाहीं. तिच्या त्या खेळांतली कुणी म्हातारी गेली म्हणे." आमच्या मातोश्री आतां ब्याण्णव वर्षांच्या आहेत. कानांनीं मंद, परंतु मृत्यूची बातमी तेवढी त्यांना भिंतीपलीकडूनहि ऐकूं येते. जपाची माळ थांबवून त्यांनीं विचारलें, "कोण गेलें? सुतक किती दिवसांचें?" घरांतलीं सगळीं हंसलीं. पुतणी मात्र हंसली नाहीं. चहाचा पेला तसाच ठेवून ती माडीवर निघून गेली, आणि त्या अर्ध्या भरलेल्या पेल्याकडे पाहून आम्हांस वाटलें कीं, ही बाब हंसण्यावारी नेण्याची नव्हे.

या सदरांत आम्ही आजवर मुलांच्या अभ्यासाविषयीं लिहिलें, वृद्धांच्या झोपेविषयीं लिहिलें, पाहुण्यांच्या लांबलेल्या मुक्कामाविषयींहि लिहून आप्तांचा रोष ओढवून घेतला. आज एका खेळाविषयीं लिहावयाचें आहे. ज्या घरांत कोणी तरुण माणूस पहाटे उठून संगणकापुढें बसतें व तासाभरानें वेगळ्याच मुद्रेनें खालीं येतें, त्या घरच्या वडील मंडळींनीं तरी हें वाचावें.

या खेळांत चित्रें नाहींत, आवाज नाहीं. पडद्यावर केवळ अक्षरें उमटतात : आपण बंदराच्या धक्क्यावर उभे आहांत, पाऊस पडत आहे, पलीकडे एक बाई मासळीची पाटी उतरीत आहे. ती बाई म्हणजे खरोखरीच कोणी माणूस असतें. कॅनडांत, स्कॉटलंडांत, कोठेंहि. तें आपल्या पात्राच्या तोंडीं चार शब्द घालून आपल्या उत्तराची वाट पाहात असतें. आपण उत्तर द्यावयाचें तें स्वतःच्या स्वभावानें नव्हे, आपल्या पात्राच्या स्वभावानें. यांत कोणी जिंकत नाहीं. या प्रकाराचें मूळ अमेरिकेंतलें. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजाभोंवतीं बसून खेळण्याचा खेळ प्रसिद्ध केला. पुढें १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें अनेकांना एकाच वेळीं वावरतां येईल अशी अक्षरांची दुनिया संगणकावर रचण्यास आरंभ केला, व रिचर्ड बार्टल यानें ती पुढें नेली. तिचें नांव 'मड'. पुतणीचा खेळ हा त्याच घराण्यांतला.

आणि गंमत अशी कीं, खेळाडूच्या पडद्यावरील रूपाला आज साऱ्या जगांत जें नांव आहे, तें आपल्याच घरचें. रिचर्ड गॅरियट यानें १९८५ सालच्या 'अल्टिमा' मालिकेंतील चौथ्या खेळांत 'अवतार' हा शब्द घेतला, आणि त्याच सुमारास 'हॅबिटॅट' नामक खेळाच्या कर्त्यांनींहि तोच उचलला. शब्द गेला, त्यामागचा विचार मात्र फारसा कोणी नेला नाहीं, असें आमचें मत आहे. नृसिंहानें वामनासारखें वागून चालत नाहीं. वामनास तीन पावलें भूमि हवी होती, नृसिंहास एक उंबरठा हवा होता. ज्याचें काम वेगळें त्याचा देह वेगळा. हें पुढें आमच्या उपयोगी पडलें.

पुतणीच्या खेळांत एक कडक नियम आहे, आणि तसा तो या जातीच्या कांहीं खेळांत असतो : पात्र मेलें कीं मेलें. तें पुन्हां उठत नाहीं. त्याचें धन, नातीं, ओळखीपाळखी यांतलें कांहींहि नव्या पात्रास मिळत नाहीं. तिची म्हातारी त्या बंदरांतली वैदीण होती. एका डोळ्यानें अधू, तोंडानें खवट, गरिबाकडून औषधाचे पैसे न घेणारी आणि श्रीमंताकडून दुप्पट घेणारी. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं धरलेलें हें सोंग नोकरी लागल्यावरहि चालूं होतें, सात वर्षें. मग त्या बंदरांत साथ आली, म्हातारीनें रोग्यांना सोडलें नाहीं, आणि ती गेली.

पुढल्या चार महिन्यांत पुतणीनें तीन पात्रें केलीं आणि तिन्हीं टाकून दिलीं. पहिली किल्ल्यावरची शिपाई मुलगी. दुसरा सरदारघराण्यांतला उधळ्या पोर. तिसरा एक मुका खिसेकापू. हा तर आठवडाभरहि टिकला नाहीं, कारण मुक्याशीं कोणी बोलावें तरी किती वेळ? प्रत्येकाचा पूर्ववृत्तांत तिनें दहादहा पानें लिहिला होता. शिपाई मुलीचा आम्हांस वाचून दाखविला. बाप मारला गेला, घर जळालें, बहीण हरवली, सूड घेण्याची शपथ झाली. भाषा उत्तम होती. परंतु ऐकतां ऐकतां आमच्या मनांत आलें कीं, या मुलीच्या आयुष्यांत जें घडावयाचें तें सारें घडून गेलें आहे. आतां बंदरावरच्या लोकांनीं तिच्यापुढें बसून काय फक्त कौतुक करावयाचें?

खरी अडचण तिनें पुढें सांगितली. "काका, पहिले दहा दिवस बरें चालतें. मग तोंड उघडलें कीं म्हातारीच बोलते." शिपाई मुलगी कोणाची जखम पाहून औषधाचें नांव सांगून बसली होती. उधळ्या सरदारपुत्र भिकाऱ्याशीं अगदीं वैदिणीच्या सुरांत भांडला होता. तें ध्यानांत येतांच तिला त्या पात्राचा वीट आला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनें त्याला उठविलेंच नाहीं.

यांत नुकसान एकटीचें नसतें. किल्ल्यावरच्या एका जमादारानें त्या शिपाई मुलीला हाताखालीं घेतलें होतें. म्हणजे जगाच्या कोपऱ्यांतल्या कोणी एका गृहस्थानें आपल्या पात्राच्या आयुष्यांत तिच्याकरितां जागा केली होती. मुलगी एकाएकीं नाहींशी झाली. तो जमादार दोन संध्याकाळीं वेशीपाशीं उभा राहून तिची वाट पाहात होता, हें पुतणीला मागाहून कळलें. ही हकीकत तिनें आम्हांस खालीं मान घालून सांगितली. सात वर्षांत जमलेली मंडळी हळूहळू दुसऱ्या सोबत्यांकडे वळूं लागली होती, हेंहि त्याच बोलण्यांत निघालें.

आपल्याकडे हा प्रश्न नटांचा. बालगंधर्वांनीं १९११ सालीं 'मानापमाना'ची भामिनी उभी केली आणि १९१९ सालीं 'एकच प्याल्या'ची सिंधु. एक धनाच्या तोऱ्यांत वाढलेली, दुसरी फाटक्या लुगड्यांत संसार ओढणारी. परंतु भामिनीचे शब्द खाडिलकरांनीं लिहून दिले होते, सिंधूचे गडकऱ्यांनीं; शेवटच्या अंकांत काय व्हावयाचें तें नटास पहिल्या तालमीआधीं ठाऊक होतें. आमच्या पुतणीस ना गडकरी, ना तालीममास्तर. तिचें नाटक रोज रंगभूमीवर उभें राहूनच लिहिलें जातें, आणि तेंहि पांचसहा परक्या माणसांच्या हातांनीं. म्हणून नटाचा अनुभव येथें अर्धाच लागू पडतो.

हें सारें आम्हीं तिला मोठ्या आत्मविश्वासानें ऐकविलें. त्यावर ती म्हणाली, "काका, बोलणें सोपें आहे. तुम्ही एक पात्र महिनाभर चालवून दाखवा." निवृत्त शिक्षकास एवढें निमित्त पुरे झालें.

आमचें पहिलें पात्र चार दिवस जगलें. तो एक वयोवृद्ध पंडित होता. ग्रहगति, नौकानयन, धातुविद्या, कशांतहि मागें नसलेला. बंदराच्या चौकांत उभें राहून त्यानें भरतीओहोटीवर विवेचन केलें. लोक नम्रपणें ऐकत व हळूच निघून जात. पुतणी मागें उभी राहून पाहात होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही पुन्हां वर्गावर गेलांत." मग तिनें सांगितलें कीं, असल्या पात्रास एक नांवच आहे. १९७३ सालीं पॉला स्मिथ नांवाच्या अमेरिकन बाईंनीं 'स्टार ट्रेक' या मालिकेवर हौसेनें कथा लिहिणाऱ्यांची थट्टा म्हणून एक लहानशी गोष्ट लिहिली होती. तींत मेरी स्यू नांवाची कोंवळी पोर जहाजावरच्या प्रत्येक कामांत सर्वांहून सरस ठरते. तेव्हांपासून सर्वगुणसंपन्न पात्र म्हणजे मेरी स्यू. आमचा पंडित हा त्या मेरी स्यूचा आजोबा निघाला! ज्याला सर्व येतें त्याला कोणाची गरज नसते, आणि ज्याला कोणाची गरज नाहीं त्याच्या दारांत कोणी थांबत नाहीं.

दुसऱ्या वेळीं आम्हीं एक नावाडी केला. त्याचा पूर्ववृत्तांत सहा ओळींचा. खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसें नेतो, दर मनुष्यास एक तांब्याचें नाणें घेतो, लिहितांवाचतां येत नाहीं. कमरेला मुलीचें पत्र आहे. तें आलेलें कळतें, वाचतां येत नाहीं. बस्स. सूड नाहीं, शपथ नाहीं, जळालेलें घर नाहीं. त्याच्या बोलण्याची एकच लकब आम्हीं ठरविली : तो सगळें खेपांत मोजतो. बाजार दोन खेपांवर, म्हातारपण शंभर खेपांवर. अधिक लकबी घातल्या असत्या तर त्या सांभाळण्यांतच आमची बुद्धि खर्ची पडली असती.

पत्र घेऊन नावाडी एका भटारणीकडे गेला. तिच्यामागचें माणूस कोण, कोठलें, हें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजले कीं आपल्याकडे उन्हाळ्यांत पहाटेचे साडेपांच होतात, आणि ती त्याच वेळीं भेटते, एवढेंच. या खेळांत पात्राचें बोलणें निराळें आणि खेळाडूचें निराळें. खेळाडूस स्वतःचें कांहीं विचारावयाचें असल्यास तो तें दुहेरी कंसांत लिहितो. भटारणीनें पत्र हातांत घेतलें आणि कंसांत विचारलें, "पत्रांत काय आहे?" आम्हीं कंसांतच उत्तर दिलें, "तुम्हांला दिसेल तें."

येथें एक शिष्टाचार सांगितला पाहिजे. दुसऱ्याच्या पात्रानें काय केलें हें आपण लिहावयाचें नसतें. 'मी तुला ढकललें' एवढेंच लिहावें. 'तूं पडलीस' हें तिनें लिहावयाचें. नवशिके बहुधा येथेंच चुकतात व समोरच्याचें अर्धें आयुष्य स्वतःच लिहून मोकळे होतात. आम्ही उलट टोंकास गेलों होतों. आमच्याच मुलीचें पत्र परक्या बाईच्या स्वाधीन केलें होतें. तिनें तें मोठ्यानें वाचावयास घेतलें. मुलीनें खुशाली लिहिली होती, नातू झाल्याचें लिहिलें होतें, इतक्यांत दुकानांत गिऱ्हाइकें आलीं, आणि भटारीण म्हणाली, "उरलेलें उद्यां. येतांना भट्टीला सुकीं लांकडें आण."

दुसऱ्या दिवशीं ती आली नाहीं. तिसऱ्या दिवशींहि नाहीं. मग ते दिवस आले, ज्यांविषयीं पुतणीनें आम्हांस बजावून ठेवलें होतें. तिसरा आठवडा. नावेंत कोणी बसेना. आम्ही धक्क्यावर उभे, पाऊस. पंडिताला निदान बोलावयास विषय तरी होते! नवें पात्र करावें, असें मनांत येऊं लागलें. एक खलाशी तर डोक्यांत तयारहि झाला होता. जुन्याचा कंटाळा नव्याच्या कल्पनेनें चटकन जातो. आम्हांस कळून चुकलें कीं, पुतणी तीनदां फसली ती याच दिवसांत, आणि तिच्या आळशीपणामुळें मुळींच नव्हे. ओळखी झालेल्या नसतात, लकबी अंगवळणीं पडलेल्या नसतात, आणि सात वर्षें जगलेल्या पात्राशीं तुलना मात्र रोज चालूं असते. ती तुलनाच अन्यायाची होय. तान्ह्या मुलास आजोबांच्या पंक्तीला बसवून 'याला अजून पोळी मोडतां येत नाहीं' म्हणण्यासारखी.

आम्हीं नावाडी टाकला नाहीं याचें कारण केवळ दोन वस्तु : अर्धें वाचलेलें पत्र आणि कबूल केलेलीं लांकडें. सहाव्या दिवशीं भटारीण भेटली. नावाड्यानें मोळी खालीं टाकली, तिनें हात पुसून पत्र पुढें वाचलें. मुलीनें शेवटीं लिहिलें होतें कीं, बाबा, नाव विकून टाका आणि इकडे या. हें आम्हांस ठाऊक नव्हतें! आम्ही खरोखरीच स्तब्ध झालों. भटारीण विचारूं लागली, विकणार काय? त्यावर पडद्यावर जें उत्तर उमटलें तें असें : नावाडी पत्राची घडी घालतो आणि म्हणतो, तिचें गांव किती खेपांवर आहे तें लिहिलें आहे का? हें वाक्य आम्हीं विचार करून लिहिलें नाहीं. पुतणी मागून म्हणाली, "काका, आतां हा तुमचा झाला."

तिनें आम्हांस आणखी एक बारीक गोष्ट शिकविली : कालचें संभाषण वाचल्याशिवाय आजचें पहिलें वाक्य लिहूं नये. कीर्तनकार पूर्वरंगाआधीं पेटीचा सूर कानांत घेतो तसेंच हें. पांच मिनिटांचें काम, परंतु जुनें पात्र नव्याच्या तोंडांत शिरतें तें बहुधा या पांच मिनिटांच्या अभावीं.

वडील मंडळी म्हणतील, असल्या सोंगांत मिळतें काय? नॉर्वेंतील मॅट्स स्टीन या तरुणाची हकीकत आम्हीं वहिनींना सांगितली तीच येथें सांगतों. जन्म १९८९ चा. स्नायु हळूहळू निकामी करणारा ड्यूशेनचा रोग. वर्षानुवर्षें चाकाच्या खुर्चींत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळांत तो 'इबेलिन रेडमूर' या नांवानें वावरे. आईबापांना वाटे, मुलगा एकाकी आहे. २०१४ च्या नोव्हेंबरांत पंचविसाव्या वर्षीं तो वारला. त्याच्या अनुदिनीवर वडिलांनीं मृत्यूची वार्ता लिहिली, आणि देशोदेशींहून सांत्वनाचीं पत्रें येऊं लागलीं. त्यांत खेळांतल्या त्याच्या मंडळाचे लोक होते; कांहीं तर अंत्यविधीस स्वतः आले. बेंजामिन रे यानें २०२४ सालीं त्यावर चित्रपट केला, तो करतां आला याचें कारण मंडळानें त्यांचीं खेळांतलीं संभाषणें हजारों पानें जपून ठेवलीं होतीं. त्यांत पराक्रम फारसा नाहीं. कोणाचें दुःख ऐकून घेणें, रुसवेफुगवे, एका आईला तिच्या अबोल मुलाशीं बोलण्याची वाट खेळांतूनच दाखविणें. असल्या लहान गोष्टी. त्याच नांवानें, त्याच मंडळींत तो वर्षामागून वर्ष येत राहिला, म्हणून लोकांना त्याचा आधार वाटूं लागला. दर पंधरा दिवसांनीं नवें नांव घेतलें असतें तर पत्रें कोणीं कोणाला पाठविलीं असतीं?

वहिनींनीं ही गोष्ट ऐकून घेतली, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "तें खरें भावोजी, पण जेवण वेळेवर झालें पाहिजे." हीहि बाजू आम्हांस मान्य आहे. आमच्या घरीं आतां असें ठरलें आहे कीं, देवपूजेची घंटा वाजली म्हणजे बंदर बंद.

गणपति होऊन गेल्यावर पुतणीनें चौथें पात्र घेतलें. या खेपेस दहा पानें नाहींत, आठ ओळी. जकातीच्या चौकीवरचा एक कारकून. नाकासमोर चालणारा, वरिष्ठांना भिणारा, हिशेबांत पक्का, आणि रक्त दिसलें कीं भोंवळ येणारा. या शेवटल्या गुणाचें आम्हांस विशेष कौतुक वाटलें. वैदिणीस पुन्हां आंत येण्याचें दारच तिनें लावून घेतलें होतें. त्याला हवें काय, तर चौकींतली खिडकीजवळची जागा. एवढेंच. परंतु ती जागा मिळविण्याकरितां दुसऱ्या कारकुनाशीं, जमादाराशीं, चहा देणाऱ्या पोराशीं रोज बोलावें लागतें.

पांचव्या आठवड्यांत तिची खरी परीक्षा झाली. चौकीच्या पायरीवर बंदरांतलीं तीनचार माणसें बसून त्या गेलेल्या वैदिणीच्या आठवणी काढूं लागलीं. तीं पुतणीचीं सात वर्षांचीं सोबती. त्यांना ठाऊक नव्हतें, कीं शेजारीं वही घेऊन बसलेला कारकून कोण. नियमाप्रमाणें खेळाडूस जें माहीत तें पात्रास माहीत असतें असें नाहीं. कारकून त्या गल्लींत कधीं गेलाच नव्हता. एकानें म्हातारीचें एक वाक्य चुकीचें सांगितलें. पुतणीचीं बोटें अक्षरांवर थरथरत होतीं, आम्हीं पाहिलें. एका शब्दानें ती चूक सुधारतां आली असती. ती कांहीं वेळ थांबली. मग कारकुनानें मान वर करून विचारलें, "ही बाई कोण म्हणायची? जकात भरीत असे का?"

सगळीं पात्रें त्याच्यावर तुटून पडलीं. त्याला त्यांनीं म्हातारीची सारी हकीकत पहिल्यापासून सांगितली. पुतणी दीड तास ती वाचीत होती आणि कारकून मधूनमधून 'असें होय' म्हणत होता. त्या दिवशीं घंटा वाजल्यावरहि वहिनींनीं तिला हांक मारली नाहीं.

त्याला आतां अकरा आठवडे झाले. कारकुनाला खिडकीजवळची जागा अजून मिळालेली नाहीं; मध्यंतरीं हिशेबांत कोणा दुसऱ्याच्या चुकीपायीं त्याचा एका दिवसाचा पगार मात्र कापला गेला, आणि तो अन्याय जेवतांना आम्हां सर्वांस सविस्तर ऐकावा लागला. आमचा नावाडी कधींमधीं त्याची जकात चुकवितो. मातोश्रींना ही सर्व मंडळी आतां नांवागांवानिशीं ठाऊक झाली आहेत. परवां वाती वळतां वळतां त्यांनीं पुतणीला विचारलें, "काय गं, त्या तुझ्या कारकुनाचें लग्न झालें आहे का?"

पुतणी म्हणाली, "आजी, अजून ठरलें नाहीं. त्याला विचारून सांगतें."